ग्रामसेवकाचे दात

“मुलगी थोडं वाचून दाखवेल का?” असं म्हणत अविनाश ठावरीच्या मामांनी आमच्याच कोनाड्यातला पेपर उचलून माझ्या हातात दिला.

मी बारावी सायन्स झालेली आहे हे त्यांना आधीच कळवलेलं होतं. तेव्हा मला वाचता येतं की नाही, ही शंका त्यांना नव्हतीच. वाचायला लावलं की तोंड उघडतं, एवढाच त्यातला डाव. आधीच्या तीन पाहुण्यांनीही हेच केलं होतं. एकाने तर मला एक ते वीस मोजायला लावलं होतं. आईने सकाळपासून पढवलं होतं, “जास्त तोंड नको उघडू वं, हळू वाच.” मी वरचा ओठ ताणून धरला आणि पहिल्या पानावरची कुठलीशी बातमी तोंडातल्या तोंडात वाचली. पण ‘फ’ आणि ‘व’ आले की दात दिसतातच. मामा पुढे वाकून बसले होते, त्यांना हवं ते दिसलं.

अविनाश म्हणजे मला पाहायला आलेला मुलगा. ग्रामसेवक होता, इस्त्रीचा निळा शर्ट घालून आला होता आणि त्याचे दात सोललेल्या लसणासारखे पांढरे होते. तो छान हसला आणि म्हणाला, “खर्रा-बिर्रा खात नाही ना?”

तंबाखू-सुपारीचा तो खर्रा खाल्ला की दात तसे रंगतात. सगळे हसले. पाहुणे तोंड उघडून हसले. आमच्याकडचे, म्हणजे बाबा, काका आणि शेजारचे दोघे, तोंडावर हात ठेवून हसले. आमच्या खडकडोहात सगळे तसेच हसतात. विनोद माझ्यावर होता आणि माझा बाप पाहुण्यांचं मन राखायला त्यावर हसत होता, हे मी विसरलेले नाही.

आमच्या गावच्या पाण्यात फ्लोराईड आहे. माझे दात किडके नाहीत की मळके नाहीत, पण त्यांच्यावर तपकिरी पट्टे आहेत आणि बारीक खड्डे आहेत. राख, मीठ, लिंबू, सगळं घासून झालं होतं, डाग जात नाहीत. मी नववीत असताना सरकारी माणसांनी आमचा हातपंप लाल रंगवला आणि त्यावर ‘पिण्यास अयोग्य’ असं लिहिलं. तोवर माझे सगळे दात येऊन बसले होते.

चार दिवसांनी मध्यस्थाकडून निरोप आला. मुलगी नाकीडोळी चांगली आहे, पण दातांचा प्रकार खानदानी दिसतो, पुढच्या पिढीचा विचार करावा लागतो. ठावरींच्या बोरगव्हाणचं पाणी फार गोड, असंही मध्यस्थ सांगून गेला. आमच्यापासून दोन तालुके पलीकडचं गाव, आम्ही ते पाहिलेलं नव्हतं. खानदानी हा शब्द मात्र माझ्या डोक्यात बसला. आरशासमोर उभी राहिले की मला आता माझेच नव्हे, बाबांचे, आजीचे, पुढे होणाऱ्या पोरांचेही दात दिसायला लागले.

त्यानंतर बाबा मला तालुक्याला डॉक्टर सुलभा चिद्दरवारांच्या दवाखान्यात घेऊन गेले. बाहेर पाटी होती: दात काढणे, सिमेंट भरणे, रूट कॅनॉल, कवळी, लहान मुलांचे दात, तारा लावणे. आजीपासून नातवापर्यंत सगळं घर तिथेच यायचं, म्हणून मॅडम माणसागणिक कार्ड ठेवत नसत, घराचं एकच कार्ड असायचं. त्यांनी मला खुर्चीवर बसवलं, दिवा खाली ओढला आणि माझ्या तोंडात बराच वेळ पाहिलं. तोंड उघड म्हणून मग नजर न फिरवणारं हे पहिलंच माणूस.

“कीड एकही नाही,” त्या म्हणाल्या. “माझ्यापेक्षा चांगले दात आहेत तुझे. रंग तेवढा पाण्याने गेलाय.”

बाबांनी चाचरत विचारलं, “खानदानी नाही म्हणता?”

“खानदानाचा काय संबंध? लहानपणी ज्याने ते पाणी प्यायलं, त्याचे असे होणार. तिची मुलं दुसरं पाणी प्यायली तर त्यांचे पांढरे येतील.”

मग त्यांनी उपाय सांगितले. पॉलिश करून फरक थोडाच पडेल. पुढच्या सहा दातांवर दाताच्या रंगाच्या सिमेंटचं कोटिंग करता येईल, ते दिसायला छान, पण कडक काही चावलं की उडतं आणि काही वर्षांनी पुन्हा करावं लागतं. त्यासाठी खालचा दात थोडा घासावाही लागतो. बाबा म्हणाले, करून टाका. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, घाई नसेल तर सहा महिने माझ्याकडे मदतनीस म्हणून ये, कोटिंगचं काय होतं ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा आणि मग ठरव. त्यांची आधीची बाई लग्न होऊन गेली होती. बाबा विचार करतो म्हणत होते. मी उद्यापासून येते म्हणून सांगितलं.

दवाखान्याने मला पहिली गोष्ट दिली ती मास्क. नाकापासून हनुवटीपर्यंत सगळं झाकलेलं. आयुष्यात पहिल्यांदा मी परक्या लोकांशी मान वर करून बोलायला लागले. पेशंट मला बाहेरच्या बाकावर चांगलं स्थळ सुचवत. दुसरी गोष्ट म्हणजे लोकांबद्दलची माझी भीती गेली, आणि तिच्या जागी थोडी तुच्छता आली, हे सांगायला मी लाजत नाही. तहसीलमधला एक साहेब बाहेर बायकोवर खेकसायचा आणि सुई पाहिली की माझा हात धरायचा. एक आजोबा कवळी फक्त लग्नकार्यात घालत आणि जेवायची वेळ झाली की काढून खिशात ठेवत. एक बाई सुनेच्या दातांना नावं ठेवायला येत आणि स्वतःच्या हिरड्यांतून रक्त येतं ते मात्र सांगत नसत. सगळ्यांचं एकच मागणं असायचं, कोणाला सांगू नका. मॅडमचाही तोच नियम होता. एकाच्या तोंडातलं दुसऱ्याच्या कानावर जायला नको, असं त्यांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

सहा महिन्यांचं वर्ष झालं. कोटिंगचा विषय मॅडमनी काढला नाही, मीही आज-उद्या करत राहिले. एप्रिलमध्ये, लग्नसराईत, दुपारच्या वेळी एक माणूस तोंडावर रुमाल धरून आत आला. मी कार्ड काढलं आणि नाव विचारलं.

“अविनाश ठावरी.”

माझं पेन थांबलं. मी मान वर केली. त्याने माझ्याकडे पाहिलं, पण मास्कच्या वर त्याला ओळखण्यासारखं काही नव्हतं. मी गाव विचारलं.

“बोरगव्हाण,” तो म्हणाला. “परवा लग्न आहे माझं. गावाकडे कोणी पाहायला नको म्हणून इतक्या लांब आलोय, जरा लवकर घ्या.”

मॅडमनी त्याला खुर्चीवर घेतलं. त्याने रुमाल काढला आणि मी दिवा सरळ केला. समोरच्या दोन दातांवरचं कोटिंग निघालं होतं. खर्ऱ्यातली सुपारी चावली, असं त्याने स्वतःच सांगितलं. खाली होते ते आमचेच दात. तेच तपकिरी पट्टे, तेच खड्डे, माझ्याहून गडद. उरलेले चार नागपूरला करून घेतलेल्या कोटिंगखाली चमकत होते.

“लहानपण बोरगव्हाणलाच गेलं का?” मॅडमनी विचारलं. “तो सगळा पट्टाच फ्लोराईडचा आहे.”

“हो. पण मुलीकडच्यांना माहीत नाही हे,” तो म्हणाला. “त्यांना उपजत असेच आहेत म्हणून सांगितलंय.”

मॅडमनी जुनं सिमेंट साफ केलं, नवं लावणार तोच लाईट गेली. लोडशेडिंगचे दिवस होते. सिमेंट घट्ट करायचा निळा लाईट विजेवर चालायचा, त्यामुळे थांबणं भाग होतं. मॅडम जेवायला मागच्या खोलीत गेल्या. तो खुर्चीवर पडून राहिला आणि मी खिडकीशी उभी राहून पुठ्ठ्याने त्याला वारा घालत होते. तेही माझं काम होतं.

पडल्या पडल्या त्याला बोलायची लहर आली. मला सिस्टर म्हणत होता. लग्न जमवणं किती कठीण आहे ते सांगत होता. अकरा मुली पाहिल्या म्हणाला. कोण बुटकी होती, कोणाचा बाप पितो असं कळलं. मग म्हणाला, “एक खडकडोहची होती. शिकलेली, बोलायलाही बरी. मला पसंत होती खरं म्हणजे.”

“मग?”

“मग काय, तोंड उघडलं तिने. आमच्यासारखेच.”

“तुम्हाला तर माहीत होतं ना, ते पाण्याने होतं?”

“माहीत होतं म्हणून तर नाही म्हटलं,” तो म्हणाला. “दुसऱ्या गावची असती तर चाललं असतं. पण त्या पाण्यात वाढलेली पोरगी दोन दिवसांत ओळखेल ना, की माझे खरे नाहीत. आणि बायकोचे तसे दिसले की लोक नवऱ्याच्याही तोंडात बघायला लागतात.”

“खानदानी म्हणालात तुम्ही त्यांना?”

हे तुम्हाला कसं माहीत, असं त्याने विचारायला हवं होतं. त्याच्या लक्षातही आलं नाही. “मामा म्हणाले असतील. काहीतरी कळवावं लागतं,” म्हणाला आणि डोळे मिटले.

मी वारा घालणं थांबवलं नाही. माझ्या हातात पुठ्ठा होता आणि डोक्यात एवढंच होतं की दीड वर्ष मी आरशासमोर ज्याच्यामुळे उभी राहिले, तो माणूस मला घाबरला होता. त्याला माझी किळस आलीच नव्हती. तो मला नाकारून गेला तो चोर साक्षीदाराला टाळतो तसा.

तीनला लाईट आली. मॅडमनी मला रंगाची पट्टी धरायला सांगितली. पांढऱ्याच्या सोळा छटा असतात, त्यातली शेजारच्या दातांशी जुळणारी निवडून मी नंबर सांगायचा आणि मॅडम तेच सिमेंट घ्यायच्या. वर्षभरात माझा नंबर एकदाही चुकला नव्हता. आज एक घर इकडेतिकडे सांगितला असता तर दवाखान्यात कळलं नसतं, मांडवात उन्हात कळलं असतं. हे माझ्या मनात आलं नाही असं मी म्हणणार नाही. मी पट्टी दोनदा लावून पाहिली आणि बरोबर नंबर सांगितला. अशा माणसासाठी मी माझं काम बिघडवणार नव्हते. जाताना त्याने आम्हाला दोघींना लग्नाचं आमंत्रण दिलं. आम्ही गेलो नाही.

त्या संध्याकाळी मी मॅडमना सांगितलं, मला कोटिंग करायचं नाही. त्यांनी कारण विचारलं नाही. पुढे माझं लग्न झालं, एसटी डेपोतल्या एका मेकॅनिकशी. अक्कलदाढ काढायला तो आमच्याकडे आला होता. त्याने माझे दात पाहण्याआधी मी त्याचे पाहिले होते.

आठ वर्षांनी, दिवाळी झाल्यावर, लहान मुलांचे दात इथे बघतात असं ऐकून एक बाई सात वर्षांच्या मुलीला लांबून घेऊन आली. नाव सांगितलं ममता ठावरी, गाव बोरगव्हाण. मी कपाटातून ठावरींचं कार्ड काढलं. त्यावर एकच नोंद होती. मी कार्ड पालथं ठेवलं.

मुलीचं नाव धनश्री. तिचे दुधाचे दात पडून पुढचे चार कायमचे आले होते आणि त्यांच्यावर पट्टे होते. मुलगी हाताने तोंड झाकून बसली होती. हे तिला कोणी शिकवलं असं मी विचारलं. कोणीच नाही, ममता म्हणाली, आपोआपच करते. मग ती रडायला लागली. मॅडमनी तिला बसायला सांगितलं. घरात सगळे मलाच बोलतात, म्हणाली. मुलीचे दात माझ्या माहेरकडून आले म्हणतात. सासरे बिनदातांचे, सासू तंबाखूचं मंजन लावते, तिचे काळेच, आणि नवऱ्याचे तर असे की फोटो काढावा. दोष द्यायला राहते ती एकटी ममताच.

“तुमच्या माहेरी कोणाचे असे आहेत?” मॅडमनी विचारलं.

“कोणाचेच नाहीत. पण हे म्हणतात, आजोळकडून दोन पिढ्या सोडून येतं.”

मॅडमनी तिला पाण्याचं समजावून सांगितलं. ममताने नाही म्हणून मान हलवली.

“आमच्या घरासमोरचा पंप चांगला आहे, मॅडम. गावातले बाकीचे लाल रंगवले, तो नाही रंगवला. हे स्वतः ग्रामसेवक आहेत, यांनीच सांगितलं ना पंप रंगवायला आलेल्या साहेबाला, की याचं पाणी तपासलेलं आहे. आणि गावातल्या बाकी पोरांचे असे आहेत, ते लोक दात घासत नाहीत, असं हे म्हणतात.”

“घरी अजून कोण लहान आहे?” मी विचारलं. मध्ये बोलायची मला परवानगी नव्हती.

“मुलगा आहे. सव्वा वर्षाचा.”

“तोही तेच पाणी पितो?”

“हो. तेच.”

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या पुढ्यात कार्ड पालथं पडलेलं होतं. त्यांचा नियम मला पाठ होता आणि त्या तो मोडणार नव्हत्या, हेही मला माहीत होतं. मी मास्क खाली ओढला. दवाखान्यात, पेशंटसमोर, दहा वर्षांत पहिल्यांदा.

“हे पाहा,” मी म्हटलं. “मी खडकडोहची. मी दोनदा दात घासते आणि माझ्या घराण्यात काही रोग नाही. असं पाणी जो लहानपणी प्यायला, त्याचे असे होतात. सगळ्यांचे.”

ममता माझ्या दातांकडे पाहत राहिली. मग तिने हळू विचारलं, “सगळ्यांचे?”

“बोरगव्हाणला जन्मलेल्या आणि तिथेच वाढलेल्या सगळ्यांचे. एकही सुटत नाही.”

मॅडमनी मला अडवलं नाही. मी कोणाचं नाव घेतलं नव्हतं. मुलीने तोंडावरचा हात काढला होता आणि ती खुर्चीवर गुडघे टेकून माझ्या तोंडात डोकावत होती. ममताने डोळे पुसले, मुलाला आजपासून कुठलं पाणी द्यायचं ते मॅडमना नीट विचारून घेतलं आणि कागदावर लिहूनही घेतलं. नवऱ्याबद्दल एक अक्षर विचारलं नाही.

आठ दिवसांनी ते तिघं आले. अविनाशचं पोट सुटलं होतं. ममताच्या नखांच्या कडेला लाल ऑईलपेंट होता. घरासमोरचा पंप तिने स्वतः रंगवला होता, भर दुपारी, सगळं गाव पाहत असताना. धाकट्याला तिने माहेरी आईकडे ठेवलं होतं आणि मीही मुलीला घेऊन तिकडेच राहीन, असं नवऱ्याला सांगितलं होतं. तिची अट एकच होती. हे सगळं अविनाशनेच मॅडमना सांगितलं, जमिनीकडे बघत.

“पुढचं कोटिंग काढून टाकायचं आहे,” तो म्हणाला.

मॅडमनी त्याला आत वेगळं नेऊन विचारलं. हे काढणं गरजेचं नाही, पूर्वी दात घासलेत, त्यामुळे पहिल्याहून वाईट दिसतील, तुमच्या मनाने सांगा. तो म्हणाला, काढा. मॅडमनी ममतालाही विचारलं, काढून काय मिळणार.

“मला काही नको,” ममता म्हणाली. “धनूला बघू द्या. तिच्यासमोर काढा.”

मी त्याच्या गळ्याभोवती कापड बांधलं, सक्शनची नळी ओठात अडकवली. तो माझ्याकडे बघत होता, मास्क होता तरी मला वाटलं, आता ओळखेल. त्याने फक्त विचारलं, “दुखेल का सिस्टर?” अकरा मुली पाहिल्या होत्या त्याने. मी त्याला आठवतच नव्हते.

मॅडमनी एकेक दात मोकळा केला. पांढरी पूड उडत होती आणि सक्शन ती ओढून घेत होतं. धनश्री स्टुलावर उभी राहून पाहत होती, दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यावर. सहावा दात झाल्यावर मॅडमनी मशीन बंद केलं आणि पाण्याचा फवारा मारला. तोंड उघडंच होतं त्याचं, मिटायची सोय नव्हती.

धनश्रीने नीट वाकून पाहिलं. मग आईकडे वळली आणि पुन्हा बापाकडे.

“बाबा,” ती म्हणाली, “तुझे तर माझ्याहून घाण आहेत.”

आणि हसली. तोंड झाकायचं विसरून हसली. ममता हसली नाही. अविनाशच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी कानांकडे गेलं, ते मी कापसाने टिपलं, कारण तेही माझंच काम होतं. मला त्याची कीव आली नाही. इतक्या वर्षांत अजूनही आलेली नाही.